बायपोलर आणि व्यसन: दोन्हींवर एकत्र उपचार करण्याची पायरीवार वाट

“आधी दारू सोडवा, मग मनाचं बघू,” असं एका ठिकाणी सांगतात. दुसऱ्या ठिकाणी ऐकायला मिळतं, “आधी मूड स्थिर करून आणा, अशा पेशंटला आम्ही ठेवून घेत नाही.” बायपोलर, म्हणजे मूड कधी बेफाम चढण्याचा तर कधी खोल उतरण्याचा आजार, आणि व्यसन दोन्ही असलेल्या माणसाच्या घरचे लोक या दोन वाक्यांमध्ये अडकून पडतात. मधल्या काळात मॅनियाचा, म्हणजे मूड बेफाम चढण्याचा, आणखी एक झटका येऊन जातो, नोकरी सुटते, सोनं गहाण पडतं.

माझं मत ठाम आहे. दोन्हींचा उपचार एकाच वेळी सुरू व्हायला हवा आणि शक्यतो एकाच मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली. मूड चढला की हात सैल सुटतो, जोखीम वाटेनाशी होते आणि पिणं वाढतं. मूड खाली गेला की झोप यावी, छातीवरचं दडपण उतरावं म्हणून पिणं वाढतं. आणि पिणं वाढलं की झोप मोडते, गोळ्या चुकतात, पुढचा झटका लवकर येतो. यातला एकच धागा सोडवायला घेतला तर दुसरा तो पुन्हा गुंतवून ठेवतो.

ही जोडी दुर्मीळ नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकात झालेल्या मोठ्या पाहणीत बायपोलरचा तीव्र प्रकार असलेल्यांपैकी सुमारे ६० टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी दारू किंवा दुसऱ्या नशेच्या पदार्थाची समस्या झालेली आढळली. आपल्याकडे बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बायपोलरचे सुमारे ७० टक्के आणि दारूच्या समस्येचे सुमारे ८६ टक्के रुग्ण उपचारांविना असल्याचं दिसलं.

खाली लिहिलं आहे ते मुख्यतः घरच्यांसाठी, आणि मूड बरा असतानाच्या दिवसांत स्वतः रुग्णासाठीही. औषधांची नावं दिली आहेत ती डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून. कोणतं, किती आणि कधी, हे तेच ठरवतील.

पहिली पायरी: आयुष्याची रेघ कागदावर काढा

डॉक्टरांकडे जाण्याआधी एक मोठा कोरा कागद घ्या. मधोमध आडवी रेघ मारा. डावीकडे जन्म, उजवीकडे आज. रेघेच्या वर चढत्या मूडचे काळ, खाली उतरत्या मूडचे. दुसऱ्या रंगाच्या पेनाने दारू, गांजा, गोळ्या, तंबाखू कधी सुरू झालं, कधी वाढलं, कधी बंद होतं ते लिहा. लग्न, बाळंतपण, नोकरी बदल, घरातला मृत्यू, दवाखान्यातली भरती हेही नोंदवा. आईला एक आठवतं, बायकोला दुसरं, मित्राला तिसरंच, म्हणून दोन-तीन जणांनी मिळून करा.

हा कागद इतका महत्त्वाचा का, तर निदान बहुतेक वेळा इथेच चुकतं. दारूमुळे उदासी येते, एमडीसारख्या उत्तेजक पदार्थाने माणूस हुबेहूब मॅनियात असल्यासारखा वागतो, गांजाने संशय आणि भास होतात. मग हा खरा बायपोलर की नशेचा परिणाम? डॉक्टर शोधत असतात त्या खुणा अशा: पहिला झटका पहिल्या घोटाच्या आधी आला होता का? महिना-महिना काहीही न घेताही मूड चढला-उतरला का? आई-वडील, मामा, आत्या यांच्यापैकी कुणाला असा त्रास किंवा आत्महत्येचा इतिहास आहे का? नैराश्यावरच्या गोळ्या सुरू केल्यावर माणूस अचानक भरधाव सुटला का?

झोपेचा प्रश्न तर हमखास विचारून घ्या. दारू उतरल्यावर झोप न लागलेला माणूस दुसऱ्या दिवशी गळून जातो. मॅनियातला माणूस दोन-तीन तास झोपून ताजातवाना उठतो, पहाटे चारला घर आवरायला घेतो, नव्या धंद्याचे फोन लावतो. दोन्हीकडे झोप कमीच, पण शरीराचं वागणं वेगळं.

मॅनिया म्हणायला साधारण आठवडाभर अशी स्थिती लागते, त्याच्या सौम्य रूपाला चार दिवस, नैराश्याला दोन आठवडे. नशा थांबवून काही आठवडे निरीक्षण केल्यावर चित्र अधिक स्पष्ट होतं. पण “महिनाभर कोरडा राहिल्याशिवाय बायपोलरचं औषध देणारच नाही” अशी अट ज्याचा मॅनिया डोळ्यांसमोर दिसतो आहे त्याला लावणं चुकीचं आहे. अशी अट कुणी घातली तर दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञांचं मत घ्या.

दुसरी पायरी: नेमकं काय आणि किती, हे मोजा

“थोडी घेतात” या उत्तरावर उपचार ठरत नाहीत. हिशेब असा करा: विलायती दारूची १८० मिलीलिटरची क्वार्टर म्हणजे सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. १० ग्रॅमचं एक युनिट धरलं तर सहा युनिट. स्ट्राँग बिअरची ६५० मिलीलिटरची बाटली म्हणजे चार युनिट. रोज एक क्वार्टर आणि सुट्टीला दोन घेणारा माणूस आठवड्याला ४५-५० युनिटांवर असतो, आणि त्याच्या घरी सगळे त्याला “कंट्रोलमध्ये पिणारा” समजत असतात. देशी, हातभट्टी किंवा ताडी असेल तर तीव्रतेचा अंदाज बांधता येत नाही, तेव्हा प्रमाणासोबत सकाळी उठल्यावर हात थरथरतात का, हे नोंदवा. रोजच्या पिण्याची ती सर्वांत बोलकी खूण.

दारूपाशी थांबू नका. गांजा, एमडी, ब्राऊन शुगर, खोकल्याची औषधं, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या झोपेच्या गोळ्या, अंगदुखीसाठी घेतलेलं ट्रॅमाडॉल, तंबाखू, गुटखा, मिश्री, सगळं लिहा. मालेगावकडे अल्प्राझोलाम या गुंगीच्या गोळीला कुत्ता गोळी म्हणतात, काही ठिकाणी नायट्राझेपाम या झोपेच्या गोळीला बटन. तुमच्या गावातलं नाव काहीही असो, शक्य असेल तर रिकामी स्ट्रिप सोबत न्या.

घरातल्या बाईचं व्यसन इथे नेहमी सुटून जातं. मिश्री, झोपेच्या गोळ्या, लपूनछपून घेतलेली दारू यांबद्दल तिला कुणी विचारतच नाही. तिच्याशी डॉक्टरांनी एकटीशी बोलावं, अशी विनंती करा.

तपासण्या साध्या असतात: लिव्हर, किडनी, थायरॉईड, साखर, हिमोग्राम, ईसीजी, लघवीतली नशेची तपासणी. इंजेक्शनने नशा केली असेल तर एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी-सी. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीची गर्भधारणेची तपासणी औषध सुरू करण्याआधीच व्हावी. त्याचं कारण पुढे येतं.

तिसरी पायरी: जागा निवडा

मॅनिया तीव्र असेल, भास होत असतील, जीव देण्याची भाषा असेल किंवा आधी कधी दारू सोडताना फिट आली असेल, तर पहिले दिवस मानसोपचार वॉर्ड असलेल्या हॉस्पिटलातच काढावेत. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था. जिल्हा रुग्णालयातही जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी चालते.

हे दिवस निभावल्यावर व्यसनमुक्ती केंद्राचा उपयोग मोठा आहे. पुण्याचं मुक्तांगण १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं. रुग्णाला मित्र मानून, मारहाण न करता, घरच्यांना सोबत घेऊन काम करण्याची रीत महाराष्ट्रात तिथून बरीच पसरली. स्त्रियांसाठी त्यांचा वेगळा विभाग आहे. पण सगळी केंद्रं सारखी नसतात. भरती करण्याआधी फोनवरच विचारा: मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात? बायपोलरच्या चालू गोळ्या तुम्ही सुरू ठेवता का? लिथियमची रक्ततपासणी कुठे करता? रात्री फिट आली तर कोणत्या हॉस्पिटलला नेता? घरच्यांना भेटू आणि बोलू देता का?

“आमच्याकडे सगळ्या गोळ्या बंद करतो, इथे गोळीचीही नशा चालत नाही,” असं उत्तर आलं तर तिथे पाठवू नका. मूड स्थिर ठेवणारी औषधं नशा आणत नाहीत आणि ती एकदम तोडली तर मॅनिया उसळू शकतो.

गाडी पाठवून, चार माणसांनी धरून, बांधून नेण्याचा प्रकार अजून चालतो. त्याबद्दल स्पष्ट लिहायला हवं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारू आणि नशेशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही येतात. माणूस स्वतः तयार नसेल आणि धोका असेल, तर कलम ८९ नुसार दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून, नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (रुग्णाच्या वतीने बोलायला नेमलेल्या व्यक्तीच्या) अर्जावर जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी दाखल करता येतं. त्या दोघांतला एक मानसोपचारतज्ज्ञ असावा लागतो. या निर्णयाविरुद्ध रुग्णाला याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते. साखळदंडाने बांधण्याला कायद्यात बंदी आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याला फसवून नेलं तो बाहेर आल्यावर घरच्यांवर पुन्हा विश्वास ठेवत नाही, आणि उपचार तर पुढची अनेक वर्षं घरातूनच चालवायचे असतात.

चौथी पायरी: शरीरातून नशा उतरवणं

श्रावण लागण्याआधी गटारी साजरी करून दुसऱ्या दिवसापासून एकदम बंद करणारे आपल्याकडे असंख्य आहेत. पंढरपूरला जाऊन माळ घालणारे आहेत, देवासमोर नारळावर हात ठेवून शपथ घेणारे आहेत. या निश्चयाचा मला आदर वाटतो. पण रोज पिणाऱ्याने डॉक्टरांना न सांगता एकदम थांबणं जिवावर बेतू शकतं. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, उलट्या, धडधड सुरू होते. फिट येण्याचा धोका साधारण बारा ते अठ्ठेचाळीस तासांत जास्त असतो. दोन ते चार दिवसांच्या आसपास काहींना बेभान अवस्था येते. माणूस वेळ-स्थळ विसरतो, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो. घरचे म्हणतात “लागीर झालं”, आणि मौल्यवान तास अंगारे-धुपाऱ्यात जातात. ही आयसीयूची वेळ असते.

म्हणून श्रावणाचा मुहूर्त धरायचा तर आषाढातच डॉक्टरांना भेटा. ते क्लोरडायझेपॉक्साइडसारखं औषध देतात आणि दिवसागणिक कमी करत साधारण आठवड्यात बंद करतात. लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम निवडतात. सोबत थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व हवंच. त्याच्या कमतरतेने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावायला निघाले तर “आधी थायमिन दिलं का?” हा प्रश्न नम्रपणे पण नक्की विचारा.

बायपोलर असलेल्याच्या बाबतीत या आठवड्यात एक घोळ होतो. दारू उतरण्याची बेचैनी आणि मॅनियाची बेचैनी सारखी दिसते. थरथर आणि घाम ओसरल्यावर, म्हणजे पाचव्या-सहाव्या दिवसानंतरही बडबड, चढलेपणा आणि न थकता जागणं चालूच असेल तर तो मॅनिया समजून डॉक्टरांना कळवा.

झोपेच्या गोळ्यांची सवय असेल तर त्या कधीही एकदम बंद करू नका. त्या आठवड्यां-महिन्यांत थोड्या-थोड्या कमी होतात. ब्राऊन शुगर सोडताना अंगदुखी-जुलाबाचा त्रास भयंकर वाटतो आणि त्यासाठी बुप्रेनॉर्फिनवर आधारित उपचार उपलब्ध आहे.

पाचवी पायरी: मूडची औषधं

लिथियमपासून सुरुवात करतो. १९४९ मध्ये जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी त्याचा मॅनियावरचा उपयोग दाखवला, आणि बायपोलरमध्ये आत्महत्येचा धोका कमी करणारं औषध म्हणून त्याचं स्थान आजही वरचं आहे. स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात मिळतं. पण त्याची मात्रा काटेकोर असते. रक्तातली पातळी दीर्घकाळ साधारण ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रति लिटर, तीव्र मॅनियात थोडी वर, आणि १.५ च्या पुढे विषबाधा. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं: रात्री नऊला गोळी, सकाळी नऊला रक्त, आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यानंतर.

पिणाऱ्या माणसात लिथियमचा खरा धोका पाणी कमी होण्याचा. दारूने लघवी वाढते, उलट्या होतात, जेवण सुटतं, शरीर कोरडं पडतं आणि पातळी चढते. विषबाधेची लक्षणं अशी: हात जोरात थरथरणं, उलट्या-जुलाब, जीभ जड होणं, तोल जाणं, गुंगी. नीट पाहा, हे सगळं दारू प्यायल्यासारखंच दिसतं. “प्यायलाय, पडू दे” म्हणून कोपऱ्यात झोपवलेला माणूस लिथियमच्या विषबाधेत असू शकतो. तोंडाला वास नाही आणि झोकांड्या जातात, किंवा उतरायला हवी होती तरी उतरत नाही, तर गोळी थांबवून थेट हॉस्पिटल गाठा आणि “हे लिथियमवर आहेत” हे दारातच सांगा.

याच कारणाने निर्जळी एकादशी, कडक उपवास, विदर्भातल्या मे महिन्यातली उन्हातली कामं आणि वारीतली पायपीट याबद्दल आधी डॉक्टरांशी बोला. बीपीसाठी कुणी मीठ एकदम कमी करायला सांगितलं किंवा बीपीची नवी गोळी दिली तरी मानसोपचारतज्ज्ञांना कळवा, कारण काही बीपीच्या गोळ्या लिथियम वाढवतात. अंगदुखीला आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मेडिकलमधून परस्पर घेऊ नका. पॅरासिटामॉल चालतं, पण लिव्हर खराब असेल तर तेही विचारून. किडनी, थायरॉईड आणि कॅल्शियम दर काही महिन्यांनी तपासावं लागतं.

दुसरं मोठं औषध व्हॅलप्रोएट. बायपोलर आणि दारू दोन्ही असलेल्या रुग्णांवरचा २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथे उपयोगी आहे. ५९ जण, चोवीस आठवडे, सगळे लिथियमवर. त्यातल्या निम्म्यांना जोडीला व्हॅलप्रोएट दिलं, तर त्या गटात खूप पिण्याचे दिवस कमी झाले. अभ्यास लहान होता, तरी या जोडीचा विचार डॉक्टर का करतात ते त्यावरून कळतं. लिव्हरवर लक्ष ठेवावं लागतं. गरोदरपणात या औषधाने बाळात गंभीर व्यंगं येतात, म्हणून मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला शक्यतो ते देत नाहीत. आधीपासून चालू असेल आणि पाळी चुकली असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. मनाने बंद करू नका.

क्वेटियापिन, ओलान्झापिन, लॅमोट्रिजिन यांचीही जागा आहे. लॅमोट्रिजिनवर अंगावर पुरळ उठलं तर त्याच दिवशी दाखवा. नैराश्याच्या नुसत्या गोळ्या, मूड स्थिर करणाऱ्या औषधाशिवाय, बायपोलर असलेल्याला मॅनियात ढकलू शकतात. फॅमिली डॉक्टरांनी “टेन्शनची गोळी” म्हणून दिली असेल तरी हे सांगा.

आणि हे शंभरदा विचारलं जातं: “आज प्यायले, तर रात्रीची गोळी द्यायची का?” याचं उत्तर आजच, शुद्धीत असताना, तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. औषधागणिक ते बदलतं. नाहीतर “प्यायलोय म्हणून गोळी नको” असं करत आठवडा बिनगोळीचा जातो.

सहावी पायरी: तलफ कमी करणारी औषधं

डायसल्फिरामबद्दल आधी. दारू घेतली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, बीपी कोसळतो, अशी ही गोळी. भाजीत, चहात नकळत घालून देण्याची सूचना अजूनही शेजारपाजारचे देतात, वर्तमानपत्रांत “न सांगता दारू सोडवा” च्या जाहिराती दिसतात. कृपा करून हे करू नका. त्यावर दारू प्यायल्याने मृत्यू होऊ शकतो, आणि शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत तिचा परिणाम राहू शकतो. बायपोलरमध्ये तर ही गोळी भास किंवा मॅनिया वाढवू शकते. द्यायचीच तर रुग्णाच्या पूर्ण संमतीने, मूड स्थिर असताना, डॉक्टरांच्या नजरेखाली.

नाल्ट्रेक्सोन दारूची मजा आणि ओढ कमी करतं. लिव्हर तपासावं लागतं, आणि ब्राऊन शुगर, कोडीन किंवा ट्रॅमाडॉल घेणाऱ्याला ते आठवडा-दहा दिवस पूर्ण बंद असल्याशिवाय देता येत नाही. अकॅम्प्रोसेट सोडल्यानंतरची अस्वस्थता शमवतं. लिव्हर खराब असलेल्याला ते चालतं, मात्र किडनी ठीक हवी आणि दिवसातून तीनदा गोळ्या घ्याव्या लागतात. बॅक्लोफेन लिव्हर सिरोसिसमध्ये वापरतात, पण त्याने मूड चढू शकतो, तेव्हा घरच्यांनी झोपेवर लक्ष ठेवावं.

तंबाखूला कुणी व्यसनात धरत नाही. धरायला हवं. विडी-सिगारेटच्या धुरामुळे ओलान्झापिन आणि क्लोझापिन ही औषधं शरीरातून लवकर बाहेर पडतात. माणूस भरती झाला आणि धूर बंद झाला की त्याच डोसवर तो गुंगीत जातो, मग घरचे म्हणतात “गोळ्या जास्त दिल्या”. चघळायच्या तंबाखूने असं होत नाही. सोडायचा निश्चय झाला की आधी डॉक्टरांना सांगा. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ वर फुकट समुपदेशन मिळतं.

सातवी पायरी: बोलणं आणि दिनक्रम

अमेरिकेतल्या मॅक्लीन हॉस्पिटलचे रॉजर वाइस यांनी बायपोलर आणि व्यसन दोन्ही असलेल्यांसाठी एकत्रित गटोपचाराची पद्धत बसवली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ६२ जण होते, आणि वीस आठवड्यांनंतर नेहमीच्या व्यसन-समुपदेशनापेक्षा या गटात नशेचे दिवस कमी भरले. त्यांची मूळ कल्पना साधी आहे: तुम्हाला दोन आजार आहेत असं समजू नका, एकच आजार आहे असं धरा. मग नियम आपोआप एक होतो: काहीही झालं तरी प्यायचं नाही आणि काहीही झालं तरी गोळी चुकवायची नाही. तुमच्या शहरात असा गट नसेल, तरी समुपदेशकाला हा धागा समजावून सांगा आणि प्रत्येक भेटीत दोन्हींबद्दल बोलायचं ठरवा.

घरी करायची गोष्ट म्हणजे एकच कॅलेंडर. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं चालेल. रोज चारच नोंदी: किती तास झोप, मूड उणे तीन ते अधिक तीनमध्ये कुठे, गोळी घेतली की नाही, नशा केली की नाही. नोंद रुग्णाने स्वतः करावी, इतरांनी पोलिसासारखी करू नये. दोन महिन्यांत त्यातून स्वतःची चाल दिसायला लागते. कुणाचं पिणं झोप घटल्यानंतर तिसऱ्या दिवशी सुरू होतं, कुणाचं पगाराच्या तारखेला, कुणाचं उदासीच्या दुसऱ्या आठवड्यात.

उठणं, पहिलं जेवण, कामाला लागणं, संध्याकाळी लोकांत असणं आणि झोपणं, या वेळा रोज जवळपास सारख्या राहिल्या तर मूडला टेकू मिळतो. आपल्याकडे सणांत नेमक्या याच वेळा उधळतात: नवरात्रातली जागरणं, विसर्जनाची रात्र, लग्नातली हळद आणि वरात, ३१ डिसेंबर. रात्रपाळी तर सर्वांत वाईट. कंपनीत डॉक्टरांची चिठ्ठी देऊन दिवसपाळी मागा. सणाला जायचंच असेल तर परत यायची वेळ आणि सोबत कोण हे आधी ठरवून जा.

दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या संघटनेच्या सभा मुंबई-पुण्यात आणि इतर अनेक शहरांत मराठीतही होतात, घरच्यांसाठी अल-अॅनॉन आहे. दोन्हीकडे पैसे लागत नाहीत. एखादा जुना सदस्य “गोळ्याही सोड, त्यापण नशाच” म्हणाला तर ते त्याचं वैयक्तिक मत. कुणाही सदस्याने डॉक्टर बनू नये, अशी त्या संघटनेचीच भूमिका आहे.

आठवी पायरी: घरच्यांनी काय करायचं

मूड चढत असताना उपदेश चालत नाही. दिसलेली गोष्ट सांगा आणि एक छोटी कृती सुचवा. “अहो, चार रात्री झाल्या, तुम्ही तीन तासच झोपताय. उद्या सकाळी डॉक्टरांकडे जाऊन येऊ.” धाकट्या भावाने म्हणावं, “दादा, गाडीची चावी आज माझ्याकडे राहू दे. तूच मागच्या वेळी असं ठरवलं होतंस.” हे “तूच ठरवलं होतंस” खरं असायला हवं, म्हणून चांगल्या दिवसांत बसून लेखी ठरवा: झोप किती कमी झाली की डॉक्टरांना फोन करायचा, यूपीआयची मर्यादा किती, दागिने आणि घराची कागदपत्रं कुणाकडे, मोबाइलवरून कर्ज देणारी अॅप काढून टाकायची की नाही.

प्यायलेल्या माणसाशी वाद घालू नका, हिशेब मागू नका, मुलांना मध्ये उभं करू नका. मारहाण होत असेल तर आजाराचं कारण देऊन सहन करू नका. आधी मुलांना घेऊन सुरक्षित जागी जा, मग उपचारांचं बघा. बायकोवर किंवा आईवर सगळं टाकलं जातं, तिची झोप, तिचे पैसे, तिच्या बोलण्याला जागा यांची सोय घरातल्या इतरांनी करावी. दर शनिवारी नणंदेने किंवा दिराने अर्धा दिवस सांभाळणं, एवढ्यानेही फरक पडतो.

नववी पायरी: घसरलं तर, आणि धोक्याच्या वेळी

पुन्हा पिणं होतं, बहुतेकांचं होतं. पहिल्या चोवीस तासांत तीन गोष्टी करा: डॉक्टर किंवा समुपदेशकाला कळवा, गोळ्यांबद्दल आधी लिहून घेतलेली सूचना पाळा, आणि मागच्या आठवड्याचं कॅलेंडर पाहा. मूड आधी हलला होता का? असेल तर डोस बदलावा लागेल. नुसतं समुपदेशन पुरणार नाही. पुन्हा रोज पिणं सुरू झालं असेल तर थांबवताना चौथ्या पायरीतली काळजी परत घ्यायची.

बायपोलरमध्ये आत्महत्येचा धोका मोठा असतो आणि दारूने तो वाढतो, कारण प्यायलेल्या अवस्थेत विचार आणि कृती यांत वेळच उरत नाही. “जीव द्यावासा वाटतो का?” असं सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात घुसत नाही, उलट माणूस बोलतो. उंदीर मारायचं औषध, शेतातली कीटकनाशकं, गोळ्यांचा साठा घरात कुलपात ठेवा. लिथियम एका वेळी आठवड्यापुरतंच हाताशी असू द्या. टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं. नशामुक्तीसाठी १४४४६. जिवाला धोका असेल तर फोनवर वेळ न घालवता ११२ किंवा १०८.

सगळं ठीक असताना दोन कागद करून ठेवा. एक, नामनिर्देशित प्रतिनिधीचा. साध्या कागदावर, रुग्णाच्या सहीने किंवा अंगठ्याने होतो. कायद्याप्रमाणे पुढच्या झटक्यात मला कसे उपचार हवेत आणि कसे नकोत, हेही आधीच लिहून ठेवता येतं. दुसरा कागद तातडीचा: चालू औषधं आणि मात्रा, लिथियमची शेवटची पातळी आणि तारीख, कशाची अॅलर्जी, आधी फिट आली होती का, मानसोपचारतज्ज्ञांचा नंबर, कोणत्या हॉस्पिटलला न्यायचं. त्याची एक प्रत कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, एक रुग्णाच्या पाकिटात, एक रात्री-बेरात्री गाडी काढणाऱ्या शेजाऱ्याकडे. औषध बदललं की तिन्ही प्रती त्याच दिवशी बदला.